अडीचशे चंद्र कमी

साठ वर्षं पूर्ण झाली की माणूस आपोआप म्हातारा होतो, अशी माझी समजूत होती. केंद्र सरकारच्या एका कचेरीतून नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बाहेर पडलो (ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, याचा खुलासा पेन्शनच्या कोणत्याही नियमात नाही) आणि दुसऱ्याच दिवसापासून म्हातारपणाच्या वसुलीला लागलो.

वसुली काही होईना. रेल्वेत साठीनंतर पुरुषांना तिकिटात ४० टक्के सवलत असायची. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती झालीच. एसटीचं अर्धं तिकीट पासष्टीनंतर, फुकट प्रवास पंचाहत्तरीनंतर. बायकांना मात्र मार्च २०२३ पासून वय न विचारता अर्धं तिकीट. त्यामुळे स्वारगेटहून साताऱ्याला निघालो की सासूबाई फुकट, बायको अर्ध्यात आणि आख्खं तिकीट एकट्या माझं. प्राप्तिकर खात्याच्या लेखी मी ज्येष्ठ खरा, पण ऐंशीनंतरचे ते अतिज्येष्ठ, म्हणजे इथेही वर कोणीतरी बसलेलं आहेच. बँकेने मुदत ठेवीवर अर्धा टक्का जास्त दिला. माझ्या ठेवीची रक्कम बघता त्या अर्ध्या टक्क्यात महिन्याची कोथिंबीर सुटते.

अशा वेळी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर सूचना झळकली : 'कोजागरीनिमित्त सभासदांचे विनोदी कविसंमेलन. विषय : आमचे वय. प्रत्येकी तीन मिनिटे. मसाला दूध मिळेल. पेला घरून आणावा. नेताना आपलाच न्यावा.' शेवटच्या वाक्यामागे गेल्या वर्षीचा काहीतरी इतिहास असणार हे उघड होतं. मी त्याच संध्याकाळी नाव दिलं. सरकारने नाही तर नाही, निदान साहित्याने तरी मला म्हातारा म्हणावं.

तयारी म्हणून कपाटातले जुने कवितासंग्रह काढले. तिथे वेगळीच अडचण निघाली. आमचे थोर कवी म्हातारे व्हायला थांबलेलेच नाहीत. केशवसुत ३९ वर्षांचे असताना गेले, बालकवी २७. गडकऱ्यांनी कवितेसाठी गोविंदाग्रज आणि विनोदासाठी बाळकराम अशी दोन नावं घेतली होती, पण गेले ते दोघंही एकाच दिवशी आणि तेही तेहतिशीत. पुण्यातली विनोदी कविता जोरात होती, पण ती तरुणांची. कॅम्पातल्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या प्रल्हाद केशव अत्र्यांनी ऐन विशीत 'केशवकुमार' या नावाने विडंबनं लिहिली, 'झेंडूची फुले' काढली आणि मराठी कवींची यथेच्छ टोपी उडवली. १९२३ साली पुण्यातच कवींचं रविकिरण मंडळ स्थापन झालेलं असल्यामुळे त्यांना गिऱ्हाइकांची वानवा नव्हती. हसायला दुसऱ्याचे लांब केस घ्यायचे, स्वतःचं टक्कल नाही, ही रीत तेव्हाच पडली असावी.

पुढचा तपास मात्र उत्साह वाढवणारा होता. विरूपिका लिहिणारे विंदा करंदीकर ९१ वर्षं जगले, वात्रटिका लिहिणारे पाडगांवकर ८६. मी लगेच सिद्धान्त मांडला, की विनोदी कविता माणसाचं आयुष्य वाढवते.

"लिहिणाऱ्याचं," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "ऐकणाऱ्याचं कोणी मोजलंय का?"

हास्यकवीला चेहरा लागतो असं वाटून मी मिश्याही वाढवायला घेतल्या होत्या. अशोक नायगावकरांच्या मिश्या कविता सुरू व्हायच्या आधीच निम्मं काम करून ठेवतात. माझ्या मिश्या पंधरवड्यानंतर डावीकडे पांढऱ्या आणि उजवीकडे तांबूस अशा उगवल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या नातीच्या वयाच्या मुलीने 'काका, दूध पुसा' म्हटल्यावर त्या गेल्या.

कविता मात्र झाल्या. पहिली अशी होती :

गुडघे वदले, "जिना नको रे,"
कंबर वदली, "वाकु नको";
उरला होता मेंदू थोडा,
तो म्हणतो, "मज विचारु नको!"

ही मी बायकोला चालीत म्हणून दाखवली. ती म्हणाली, "तुमचे गुडघे कधी दुखले? रोज पर्वती चढता-उतरता." मी म्हटलं, कवीला अनुभव लागत नाही, कल्पनाशक्ती लागते. ती म्हणाली, "मग माझ्या गुडघ्यांवर लिहा, ते खरंच दुखतात." त्यावर लिहिलं असतं तर मसाला दूध घरीच मिळालं असतं, तेही तोंडावर.

दुसरी कविता हयातीच्या दाखल्यावर. ज्यांना पेन्शन नाही त्यांच्यासाठी सांगतो : पेन्शनराला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. बँकेत स्वतः जाऊन उभं राहिलं तरी तेवढ्याने भागत नाही, कागद लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरपासून 'जीवन प्रमाण' आलं, म्हणजे यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि यंत्राने ठरवायचं. आयुष्यभर भांडी, खडू किंवा फायली हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा उतारवयात पुसट होतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत. विषय इतका आयता, की मला फक्त यमक जुळवायचं काम उरलं.

बँक विचारी नोव्हेंबरला,
"जिवंत आहा कशावरून?"
अंगठ्याचा ठसा न उमटे,
यंत्र म्हणाले, "या परतून!"

'या परतून'वर गच्ची डोक्यावर घेतली जाईल, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

कोजागरीच्या रात्री गच्चीवर सत्तर-ऐंशी मंडळी होती आणि सरासरी वयही साधारण तेवढंच. कानटोप्या, स्वेटर, प्रत्येकाच्या मांडीवर नाव कोरलेला पेला. सूत्रसंचालकांच्या हातात पितळी घंटा होती आणि ती वाजवायला ते उत्सुक दिसत होते. माझा नंबर अकरावा. पहिल्या कवीने कपाळावरचा चष्मा घरभर शोधला. दुसऱ्यानेही शोधला. तिसऱ्या बाईंनी यजमानांच्या कपाळावर सापडवला, एवढाच फरक. चौथ्याची कवळी शिंकेबरोबर वरणात पडली, पाचव्याची व्याह्यांच्या वरणात. पण दाद! दर चौथ्या ओळीला गच्चीभर हसू. मी मनात म्हटलं, या शिळ्या चष्म्यावर एवढे हसतात, तर माझ्या ताज्या मालावर काय होईल?

नंतर कळलं, की अर्धी गच्ची हास्यक्लबातली होती. मुंबईत डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये हास्यक्लब सुरू केला. त्यांचा अनुभव असा, की बागेत रोज विनोद सांगायला गेलं की थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपतात. म्हणून त्यांनी विनोद काढून टाकला आणि हसणं तेवढं ठेवलं. ही मंडळी रोज सकाळी सहाला विनोदाशिवाय हसण्याचा सराव करून आलेली होती. हसायचं कधी, हे त्यांनी आपसांत ठरवलेलं असतं. मी मात्र नवा होतो आणि माझ्या वाट्याचं हसू कोणी ठरवलेलं नव्हतं.

गुडघ्यांची कविता म्हटली. शांतता. मागून कोणीतरी "पुढे" म्हणालं. पहिल्या रांगेतल्या, काठीवर हनुवटी टेकवून बसलेल्या गृहस्थांनी हात वर केला. पुण्यात कविसंमेलनातही शंकानिरसन असतं.

"गुडघा कोणता?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"बदलले?"

"नाही अजून."

"मग दुखतात म्हणा, नको म्हणू नका. माझे दोन्ही बदललेत. जिना चढूनच आलोय वर."

टाळ्या. माझ्या कवितेवर पडल्या नव्हत्या तेवढ्या त्यांच्या गुडघ्यांवर पडल्या. मी घाईघाईने दाखल्याच्या कवितेकडे वळलो. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि मोबाइलचा पडदा काळा झाला. अंगठा लावला, त्याने ओळखला नाही. पुसून लावला, तरी नाही. यावर गच्ची मनापासून हसली. उरलेल्या दोन ओळी मला पाठ होत्या, पण त्या म्हणेपर्यंत हसू ओसरलं होतं आणि त्याच गृहस्थांचा हात पुन्हा वर होता.

"नोव्हेंबर का म्हणालात?"

"दाखला नोव्हेंबरात देतात ना."

"केंद्राचे पेन्शनर ना आपण? ऐंशीच्या पुढच्यांना एक ऑक्टोबरपासून देता येतो. माझा देऊन झालाय. तुमचा कितवा?"

मी बोललो नाही. ते थांबले. त्यांना वेळच वेळ होता.

"यंदा पहिला," मी म्हटलं. "द्यायचाय अजून."

"म्हणजे अनुभव नसताना लिहिलंत." ते शेजाऱ्याकडे वळले. "तरीच मला वाटलं, मूळ पेन्शनीत ऐंशीला वीस टक्के वाढ, पंच्याऐंशीला तीस, शंभरीला दुप्पट, यातलं काहीच कसं नाही कवितेत." मग मला धीर देत म्हणाले, "शंभरीपर्यंत थांबा. तेव्हा लिहा. पैसेही बरे असतील."

घंटा वाजली. माझी तीन मिनिटं झाली होती, त्यातली अडीच त्यांनीच बोलून संपवली, पण नियम तो नियम.

मी खाली उतरणार, तोच त्यांच्यापलीकडच्या आजी म्हणाल्या, "थांब रे बाळ. वय काय तुझं?" साठ वर्षांच्या, कर्जफेड झालेल्या, जावई असलेल्या माणसाला बाळ! मी वय सांगितलं. त्या निवृत्त गणित शिक्षिका निघाल्या. त्यांनी ढगातून नुकत्याच वर आलेल्या चंद्राकडे बघत तोंडी हिशेब केला. "वर्षाला पौर्णिमा बारा आणि वर थोडी. तुझे झाले साडेसातशे. माझं सहस्रचंद्रदर्शन होऊनही तीन वर्षं झाली. तुला अडीचशे चंद्र कमी आहेत."

हे ऐकून मी त्यांना माझ्या ज्येष्ठत्वाचा दाखला देऊ लागलो. बँकेतला अर्धा टक्का सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे, बसल्या जागेवरून, चार ओळी सोडल्या :

साठीचा म्हणतो, "थकलो मी,"
सत्तरीतला हसला त्याला;
ऐंशीची मी दोघांनाही
म्हणते, "दूध हवे का, बाळा?"

गच्ची हलली. हास्यक्लबवाले, क्लबाबाहेरचे, दोन्ही गुडघेवाले, सगळे. सूत्रसंचालक घंटा वाजवायची विसरले. मात्रा मोजल्या तर एकही कमी नाही, जास्त नाही. मी आठवडाभर शब्दकोश घेऊन बसलो होतो आणि या बाईंनी दूध थंड व्हायच्या आत ओळी पाडल्या. पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. मला उत्तेजनार्थ मिळालं, देताना अध्यक्ष म्हणाले, "तरुणांनी पुढे यायला हवं." बक्षीस म्हणून कानटोपी होती, माझ्या डोक्याला लहान.

कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी आपापले पेले नीट तपासून घेतले आणि जिन्याकडे वळले. कोणीतरी म्हणालं, "सतरंज्या कोण उचलणार?" आणि पन्नासएक माना एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. सतरंज्या खाली नेल्या. खुर्च्या नेल्या. पातेलंही. तिसऱ्या खेपेला उजवा गुडघा असा काही ठणकला, की कवितेला अनुभवाचा आधार मिळाला, पण ऐकायला गच्चीवर कोणी नव्हतं.

पुढच्या बैठकीत मला एकमताने कार्यकारिणीत घेतलं. पद : 'युवा प्रतिनिधी'. काम मोबाइलचं. ज्यांचे अंगठे यंत्र वाचत नाही, त्यांच्यासाठी आता चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो. २०२१ पासून तशी सोय आहे. चेहऱ्यासमोर फोन धरायचा, उजेड बघायचा, आणि समोरचा फोटो नसून जिवंत माणूस आहे हे फोनला पटावं म्हणून त्या माणसाने डोळे मिचकवायचे. नोव्हेंबरभर सकाळी दहा ते बारा मी संघाच्या खोलीत बसून एकेकाला डोळे मिचकवायला लावत होतो. मोतीबिंदू झालेले, न झालेले, झोप लागलेले. एका आजोबांना दोन्ही डोळे एकदम मिटता येत नव्हते, त्यांना पाऊण तास लागला. माझा स्वतःचा दाखला मी शेवटच्या दिवशी दिला, तोही त्यांच्यातल्याच एकाने फोन धरला म्हणून. त्याने फोन उलटा धरला होता.

पहिल्या बक्षिसाच्या आजींचा दाखला खरं तर ऑक्टोबरातच व्हायचा, पण त्या नोव्हेंबरात आल्या, म्हणाल्या, "गर्दीत मजा असते." खुर्चीत ताठ बसल्या, पदर सारखा केला, टक लावून फोनकडे बघत राहिल्या. फोन पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. शेवटी मी म्हटलं, "आजी, डोळे मिचकवा ना जरा. माझ्याकडे बघून."

त्यांनी चष्मा काढला. खोलीत बसलेल्या दहा-बारा जणांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहिलंत? अडीचशे चंद्र कमी आहेत म्हटलं ना मी. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली, आणि हा मुलगा मला डोळा मार म्हणतोय!"

दाखला मात्र तेवढ्यात निघाला. बोलता बोलता त्यांची पापणी लवली असावी.