मुलींना व्याख्यान, मुलांना मैदान

प्रति,
वयात येण्याच्या तासाला मुलांना क्रिकेट खेळायला धाडणारे सर्व संबंधित

विषय : लैंगिक शिक्षणाचे वर्ग एकत्र घ्यावेत की वेगळे, याबाबत.

महोदय / महोदया,

लैंगिक शिक्षणाचा वर्ग मुलामुलींचा एकत्र असावा की वेगळा, हा प्रश्न अनेक शाळांनी चर्चेचा त्रास न घेता सोडवलेला आहे. सातवी-आठवीच्या मुलींना सभागृहात नेले जाते, दार लावून घेतले जाते आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरबाई मासिक पाळीवर तासभर बोलतात. त्याच वेळी मुलांच्या हाती बॅट-बॉल दिला जातो. दोघांना वेगवेगळे शिकवणे असे याचे अधिकृत नाव. प्रत्यक्षात एका गटाला अर्धे शिकवले जाते आणि दुसऱ्याला काहीच नाही. एका मानधनात दोन वर्ग उरकण्याची ही काटकसर कौतुकास्पद आहे.

विषय टाळण्याची परंपराही भक्कम आहे. केंद्राने २००५ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो रोखला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळांत लैंगिक शिक्षण नकोच, असा निर्वाळा दिला. त्याआधी याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरील मासिक चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या मासिकाची स्त्रियांसाठी एक आणि पुरुषांसाठी दुसरी अशी आवृत्ती मात्र निघत नव्हती.

वेगळ्या वर्गाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणे साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात, मुलांमध्ये नऊ ते चौदा. त्यामुळे सहावीच्या एकाच बाकावर दोन वेगळ्या टप्प्यांवरची मुले बसलेली असतात. पॅड किती वेळाने बदलायचे, पोटात दुखले तर काय करायचे, हे प्रश्न मागच्या बाकावरून हशा येण्याची भीती असताना मुली विचारत नाहीत. मुलांचेही तसेच. झोपेत होणारे वीर्यस्खलन हा आजार नाही, एवढे एक वाक्य त्यांना हवे असते. ते शाळेत मिळाले नाही, तर रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवरील गुप्तरोगतज्ज्ञांच्या जाहिराती ती उणीव भरून काढतात. तेथील प्रवेशही विनाशुल्क आहे.

परंतु हा युक्तिवाद प्रश्न विचारण्यापुरता खरा आहे. माहिती देण्यापुरता तो टिकत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजननाचा आणि ऋतुचक्राचा भाग आहे. पुस्तक एकच, बोर्डाची प्रश्नपत्रिकाही एकच. (तो भाग “घरी वाचून या” असे सांगून पुढे जाण्याची पद्धत येथे गृहीत धरलेली आहे.) २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांत भेद करत नाही; दोघांनाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो. नकार म्हणजे नकार, हे मुलींच्या बंद सभागृहात शिकवून भागत नाही, कारण नकार ऐकण्याची पाळी ज्याच्यावर येते तो बाहेर फलंदाजी करत असतो. डागावरून वर्गात खिदळणाऱ्या मुलाला पाळी म्हणजे काय हे कोणी सांगितलेलेच नसते.

तोडगा नवीन शोधायचा नाही. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, या कामासाठी नेमायचे आहेत. त्या दोघांनी शरीररचना, पाळी, संमती आणि कायदा हे धडे एकत्र वर्गात घ्यावेत. त्यानंतर बाईंनी मुलींसाठी आणि सरांनी मुलांसाठी शंकांचा वेगळा तास ठेवावा. नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची पेटी दोन्हीकडे असावी. कोणाची शंका कोणत्या गटात बसत नसेल, तर त्यासाठीही तीच पेटी आहे. एकत्र वर्ग जमतच नसेल, तर वेगळा चालेल. मात्र तेव्हा मुलांचाही वर्ग झाला पाहिजे, आणि त्यात पाळीचा धडा असला पाहिजे.

तरी येत्या सत्राच्या वेळापत्रकात मुलांच्या तासाची तारीख आणि शिकवणाऱ्या शिक्षकाचे नाव लिहून ते पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावे, ही विनंती.

कळावे.