इरिटेट होण्याची ऐपत

इंग्रजीत ‘ॲग्रव्हेट’ या क्रियापदावरून शुद्धिवादी अजूनही नाकं मुरडतात. मुळातल्या लॅटिनमध्ये अर्थ भार वाढवणं. तेव्हा दुखणं ॲग्रव्हेट होतं, माणूस नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एकदा हंगामात हिंगोलीच्या हळद मार्केट यार्डात आणावं. पोती लादलेल्या वाहनात रात्र काढणाऱ्याला विचारावं, बाबा, तुझा भार वाढला की तू वैतागलास? उत्तर मिळेल, पण ते कोशात घालता येणार नाही.

शिवाय आमच्याकडे त्रासाच्या इंग्रजी शब्दांचीही उतरंड आहे. ‘इरिटेट’ कॉलेजातली पोरं होतात, तेही नेट गेलं की. ‘डिस्टर्ब’ फक्त साहेब होतात. ‘फ्रस्ट्रेशन’ला निदान एक स्पर्धा परीक्षा हुकलेली लागते. ‘टेन्शन’ तेवढं सार्वजनिक: सेनगावपासून वसमतपर्यंत कुणालाही येतं आणि ‘घेऊ नका’ म्हणणारा भेटला की दुप्पट होतं.

शेतकऱ्याला इंग्रजी त्रास परवडत नाही. तो आपला हैराण होतो. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ चकित. इथली निजामाची राजवट १९४८ साली संपली, शब्द मागे राहिला. पीकविम्याची जमा झालेली रक्कम पाहिली की गडी दोन्ही अर्थांनी हैराण.

अर्थात तक्रार अर्जात यातलं काहीच चालत नाही. तिथं ‘मानसिक त्रास’ असंच लिहावं लागतं आणि त्याची पोच घ्यायला दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं.