अहो वहिनी, दात लॉकरात?

वहिनी, ओ वहिनी! या जरा कुंपणापाशी. कढीलिंब घ्या हवा तेवढा, यंदा नुसता फोफावलाय. आणि खरं सांगा, काल संध्याकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तो मुलगा तुमच्या ओट्यावर तासभर काय समजावत होता? विम्याचा म्हणावं तर हातात दाढेचं चित्र!

काय म्हणता, नातवाचा दुधाचा दात ठेवायचाय? बँकेत? अग बाई! आमच्या लहानपणी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचे, उंदराला सांगायचं की हा घे आणि तुझ्यासारखा बारीक दे. आता उंदराचं काम गेलं म्हणायचं. द्रव नायट्रोजनात, उणे १९६ अंशांवर ठेवणार दात, तोही हप्त्यांवर!

नाही हो, चेष्टा नाही करत. त्या दातात खरंच काहीतरी आहे. आमच्या ह्यांना पार्किन्सन्स झाल्यापासून मेंदूचं जे काही छापून येतं ते मी वाचतेच. अमेरिकेत बेथेस्डाला त्यांच्या सरकारची आरोग्यसंस्था आहे. तिथे सोंगताओ शी नावाचे लहान मुलांचे दंतवैद्य संशोधन करायचे. मोठ्यांच्या अक्कलदाढेच्या गरात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात हे त्यांच्या गटानं २००० सालीच दाखवलं होतं. पुढे त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीचा दात पडला. हातात घेऊन बघतात तर आत लालसर गर शिल्लक! मग पुढचा दात पडल्यावर तो गेला थेट प्रयोगशाळेत. २००३ साली निबंध आला: दुधाच्या दातातही मूलपेशी आहेत. एका दातातून मिळाल्या किती, तर १२ ते २०. पण वाढत मात्र भराभर होत्या.

आता दाताचा आणि मेंदूचा काय संबंध, हे मीही आमच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गर्भात मेंदू आणि मज्जारज्जूची नळी तयार होते, तिच्या काठावरच्या काही पेशी तिथून निघून चेहऱ्याकडे येतात आणि दाताच्या गरात स्थिरावतात. म्हणजे दोघांचं माहेर एकच म्हणा ना! म्हणून या पेशी मज्जापेशींना तगवणारे पदार्थ चांगले सोडतात. जपानात नागोया विद्यापीठात मज्जारज्जू कापलेल्या उंदरांत त्या घातल्या, तर मागचे पाय काही प्रमाणात हलायला लागले. २०१२ ची गोष्ट. पुढे त्याच विद्यापीठातल्यांनी पेशी बाजूलाच ठेवल्या. ज्या पाण्यात त्या वाढवल्या होत्या तेवढंच पाणी अल्झायमरसारखी अवस्था केलेल्या उंदरांच्या नाकात सोडलं, तर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. मेलेल्या मज्जापेशीच्या जागी दाताची पेशी जाऊन बसते असं नव्हे हो. जिवंत आहेत त्यांना ती सांभाळते, सूज कमी करते. त्या तुमच्या पोऱ्यानं मात्र चित्रात दातातून सरळ मेंदू उगवलेला दाखवला असणार.

उंदीरच म्हणाल तर हो, बहुतेक उंदीरच! माणसांत म्हणाल तर ब्राझीलमध्ये चाललंय, हंटिंग्टनच्या आजारावर. तो आजार घराण्यातून येतो, आईला किंवा वडिलांना असला तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. तिथल्या डॉक्टरांनी दुधाच्या दातातल्या पेशी शिरेतून दिल्या. एका चाचणीत रुग्ण होते ३५. पण वहिनी, खरी गंमत ऐका. त्या पेशी कुणा रुग्णाच्या स्वतःच्या दाताच्या नव्हत्याच. निरोगी मुलांनी दिलेल्या दातांतून काढून, वाढवून, सगळ्यांना त्याच! आणि ते बरोबरच आहे, कारण हंटिंग्टनवाल्याच्या स्वतःच्या दातात तोच बिघडलेला जनुक बसलेला असणार. मग उद्या हे औषध आलंच तर ते कुणा दात्याच्या दाताचं, कारखान्यात वाढवलेलं येईल. तुमच्या नातवाचा दात साठ वर्षं गोठवून काय करायचा? नायट्रोजनला मोजायचे पैसे?

आणि शिवाय पूर्ण हलून, आपोआप पडलेला दात त्यांना तितकासा उपयोगाचा नसतो. मूळ झिजलेलं, रक्तपुरवठा तुटलेला. गर जिवंत हवा, लाल हवा. हे सांगितलं का त्यानं? नाही ना! मला वाटलंच.

थांबा, अजून आहे. आयसीएमआर, म्हणजे आपली वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की आपल्याकडे नाळेतलं रक्त साठवायला परवानगी आहे. दात, नाळेचा बाकी भाग, मासिक पाळीचं रक्त यांची पैसे घेऊन बँक चालवायला नाही. आणि रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेचं रोपण होतं तेवढं सोडलं, तर मूलपेशींचा बाकी कुठलाही उपचार म्हणजे प्रयोग. प्रयोगात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी ‘स्टेम सेल देतो, इतके लाख’ म्हणालं की मी पहिली चप्पल शोधते. आमच्या ह्यांच्या मावसभावाच्या ओळखीतले एक गेले होते अशा ठिकाणी. ठिकाणाचं नाव नको. जमिनीचा तुकडा गेला, हाताची थरथर होती तिथेच.

ह्यांच्या बाबतीत म्हणाल तर मी सरळ आहे. डोपामिन बनवणाऱ्या पेशी निम्म्याहून जास्त मेल्यावरच हात थरथरायला लागतो, असं म्हणतात. दाताच्या कुपीनं त्या परत येत नाहीत. क्योटोत मात्र थेट मेंदूतच पेशी घातल्यात, दात्याच्या पेशींपासून तयार केलेल्या. सात जणांना. २०२५ मध्ये निकाल आला. गंभीर धोका दिसला नाही, आणि तपासलेल्या सहापैकी चौघांच्या हालचाली सुधारल्या. त्यावर माझा डोळा आहे, दातांवर नाही. तोवर लेव्होडोपा जेवणाच्या अर्धा तास आधी, वेळेवर. वरण, दूध नंतर; प्रथिनं आडवी येतात त्या गोळीला. खाजकुहिलीच्या बियांत तेच द्रव्य असतं म्हणून कुणी चूर्ण आणून दिलं, तर मी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. आणि पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात जातो आम्ही, तिथे हे हल्ली इतके बोलतात की घरी गप्प बसतात!

सूनबाईंना सांगणार कसं? तुम्ही नका सांगू, सासूचं कोण ऐकतंय. मला पाठवा, किंवा तिला इकडे कुंपणापाशी बोलवा. आगाऊ रक्कम दिली असेल तर पावती टाकू नका. सही केलेल्या कागदाचा फोटोही काढून ठेवा. त्यात ‘भविष्यात’ हा शब्द कितीदा आलाय ते बघा जरा. आणि पलीकडच्या बंगल्यातल्यांनी तर म्हणे दोन्ही नातवंडांचे ठेवलेत! कुठे बोलू नका, मला त्यांच्या कामवालीनं सांगितलं.