दोन गोळ्यांची शेपटी

अमेरिकेत कमरेला पिस्तूल लपवून हिंडणाऱ्या सद्गृहस्थाची पहिली अट असते: हत्यार छोटं हवं, शर्टाखालून कळता कामा नये. म्हणून तो ग्लॉक ४३ घेतो. मॅगझिनमध्ये ६ गोळ्या. मग एका रात्री त्याच्या स्वप्नात सात हल्लेखोर येतात. सकाळी तो दुसऱ्याच कंपनीचा, मॅगझिनच्या बुडाला बसणारा जोड मागवतो. दोन गोळ्या वाढतात, मूठही लांबते आणि शर्टातून नेमकी तीच डोकावते. लपवायला अवघड नळी नसते, मूठ असते.

मूळ स्प्रिंग ६ गोळ्यांच्या हिशेबाची, ती कुरकुरते. म्हणून नवी, दमदार स्प्रिंग. ग्लॉक ४३एक्सवाल्या शेजाऱ्याने १५ गोळ्यांचं परक्या कंपनीचं पोलादी मॅगझिन आणलेलं असतं. त्या पोलादाने मॅगझिन अडकवून ठेवणारी मूळची प्लास्टिकची खिटी झिजते, म्हणून खिटीही पोलादी. नथ घेतली म्हणून पैठणी घेण्यातला हा प्रकार.

कारखान्याचं मॅगझिन बापडं रटाळ. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एकच: ते चालतं. तरीही ज्याला जीव वाचवायचाय, तो स्वस्त जोडावर भरवसा ठेवतो आणि पहिली चाचणी हल्लेखोरावर घ्यायचं ठरवतो. कॅलिफोर्नियात कायद्यानेच १० गोळ्यांवर रेघ ओढलीय. तिथे निदान शेजाऱ्याचा १५ गोळ्यांचा खर्च तरी आवरतो.

कंपनीनिष्ठही कमी नाहीत. ते चिमुकल्या ग्लॉक २६मध्ये ग्लॉक १९चं १५ गोळ्यांचं मॅगझिन खुपसतात. बसतं झकास! फक्त मूठ ग्लॉक १९एवढी होते आणि नळी मात्र आखूडच राहते.