ताण तुमचा, व्यवस्थापन आमचे

व्यवस्थापनशास्त्राने अलीकडच्या काळात लावलेला सर्वांत मोठा शोध म्हणजे कर्मचाऱ्याला मन असते. त्याआधी त्याला फक्त अंगठा होता, तोही सकाळी पावणेदहाला यंत्रावर टेकवण्यापुरता. मनाचा शोध लागला म्हटल्यावर त्याचे व्यवस्थापन ओघाने आलेच. मग १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, फलक लागतो, दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ होते, आणि लांबून आलेले व्याख्याते ‘ताण घेऊ नका’ असे तासभर सांगून, परतीची गाडी चुकेल या ताणात निघून जातात. समोर बसलेल्यांचे त्या दिवसाचे काम टेबलावर तसेच पडलेले असते. ते रात्री घरी नेऊन संपवायचे असते. पुण्या-मुंबईची कोणतीही टूम शहाद्याला उशिरा का होईना पोहोचतेच. दोंडाईचापर्यंत रेल्वे आहे, पुढे एसटी आहे. ही टूमही येते आहे, तेव्हा उतरवून घेण्याआधी तिचे सामान तपासलेले बरे.

मूळ विचारात खोट नाही, हे आधी मान्य करायला हवे. कामाच्या ठिकाणी मानसिक आरोग्य आणि सुरक्षितता कशी राखावी, याविषयी आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये ४५००३ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तीत धोके कोणते म्हणून दिले आहेत? कामाचा बेसुमार बोजा, लांबलेले तास, आपल्याच कामावर आपला ताबा नसणे, जबाबदारी नेमकी काय ते ठाऊक नसणे, नोकरीची अनिश्चितता, वरिष्ठांचा जाच. ही सगळी यादी कर्मचाऱ्याच्या मनाबद्दल नसून साहेबाच्या कारभाराबद्दल आहे. म्हणूनच वरून खाली येताना तिला वाटेत गळती लागते. बोजा गळतो, तास गळतात, जाच तर पहिल्याच जिन्यावर गळतो, आणि तळमजल्यावर पोहोचते ती फक्त दीर्घ श्वसनाची पद्धत. सारंगखेड्याच्या बाजारातला व्यापारीसुद्धा घोडा धापा टाकू लागला तर आधी पाठीवरचे ओझे पाहतो; घोड्याला प्राणायाम शिकवत नाही.

‘पण श्वसनाने नुकसान तर होत नाही ना?’ असे कोणी विचारील. होत नाही. फायदा होतो का, हा प्रश्न ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी विचारला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी तपासली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापला : ताण हाताळण्याचे प्रशिक्षण, सजगतेचे वर्ग, मनःशांतीची अ‍ॅप्स यांत भाग घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांपेक्षा काही सुखी दिसले नाहीत. अपवाद एकच निघाला, स्वयंसेवेचा. समाजासाठी काही करण्याची संधी मिळालेल्यांना थोडे बरे वाटत होते. या बाबतीत आपले सरकार ऑक्सफर्डच्या कितीतरी पुढे आहे. गावोगाव पायपीट करणाऱ्या आशाताईला त्याने पहिल्या दिवसापासून ‘स्वयंसेविका’च म्हटले आहे. पगार नाही, मोबदला आहे. कर्मचारी नाही, सेवाभाव आहे. एवढ्या स्वयंसेवेनंतर तिला ताण उरलाच कसा, आणि २०२३-२४ मध्ये ती पुन्हा पुन्हा संपावर का गेली, याचे संशोधन मात्र ऑक्सफर्डवाल्यांनी अजून केलेले नाही.

खरे तर शहाद्याला हा धडा बाहेरून शिकण्याची गरजच नव्हती. खान्देशात सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरायचा आणि पुढच्या आखाजीपर्यंत बांधला जायचा. पहाटे गुरांच्या गव्हाणीपासून रात्री पिकाला पाणी भरण्यापर्यंत सगळे काम त्याचे; उचल आधीच घेतलेली, म्हणून मध्येच सोडून जायची सोय नाही. ४५००३ची यादी तेव्हा असती तर तिचे बहुतेक रकाने एकट्या सालदारावर भरले असते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी हातच्या गेलेल्या जमिनी, मजुरी आणि सालदारांच्या कामाच्या अटी हे विषय धसाला लावले. सालदारांना ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगण्याचे त्यांच्यापैकी कुणाला सुचले नाही, हे शहाद्याचे नशीब. पुढे बायकांचे शिबिर झाले. त्यात बोलणे निघाले ते घरातल्या मारहाणीचे आणि मारहाणीमागच्या दारूचे. तेव्हा त्या बायका ‘रागावर नियंत्रण’ शिकायला गेल्या नाहीत. त्या गुत्त्यांवर गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. धोका उगमापाशीच संपवावा आणि माणसाला चिलखत चढवणे हा शेवटचा उपाय समजावा, हा कारखाना-सुरक्षेचा पहिला नियम आहे. तो न वाचता पाळणाऱ्या या बायकांना व्यवस्थापनाची पदवी कोणी दिली नाही.

यावर ज्येष्ठांचा ठरलेला आक्षेप असतो : ‘आमच्या वेळी कुठे होता हा ताण? आम्ही नाही का कामे केली?’ होता, मोजत कोणी नव्हते. लंडनमध्ये, व्हाइटहॉलच्या सरकारी कचेऱ्यांत, १९६७ मध्ये मोजायला सुरुवात झाली. समज असा होता की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार. जबाबदारी मोठी, म्हणून झटका मोठा. आकडे उलटेच निघाले. शिपाई-दारवानांच्या श्रेणीत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही मोठा फरक उरलाच. याच मालिकेतल्या पुढच्या अभ्यासात दिसले की आपले काम कसे आणि केव्हा करायचे हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या हृदयाला धोका अधिक. साहेबांच्या केबिनमध्ये ताण असतो, पण तिथे घंटीही असते. ती वाजवली की ताण बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो.

आता आपल्याकडचा बाहेरचा बाक पाहा. आपला नंदुरबार जिल्हा हा २०१८ पासून केंद्राच्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. ४९ निर्देशांक, त्यांवर दरमहा क्रमवारी. क्रमवारी घसरली की जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून बीटला आणि बीटकडून अंगणवाडीला विचारणा. क्रमवारी हे व्यवस्थापनाचे लाडके तंत्र, आणि त्याची सारी मदार शेवटी अंगणवाडी सेविकेच्या हातातल्या मोबाइलवर. आहाराचे पाकीट द्यायचे तर आधी मातेचा चेहरा पोषण ट्रॅकर या अ‍ॅपला ओळखीचा वाटला पाहिजे. त्यासाठी आधारची खातरजमा, खातरजमेसाठी ओटीपी. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर, तो नंबर नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा मजुरीला गुजरातेत. मूल समोर आहे, पाकीट समोर आहे, आई तर साक्षात उभी आहे. पण पडद्यावर गोल फिरणारे चक्र थांबेपर्यंत तिघांचाही पुरावा नाही. सेविका मोबाइल वर धरून रेंज शोधते. लाल रकाना मात्र तिच्याच नावापुढे उमटतो. सेविकांनी २०२१ मध्ये राज्यभर मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, ती खरे तर मानसिक आरोग्याची मोठी मोहीम होती. सरकारदरबारी तिची तशी नोंद झाली नाही.

कायदा काय म्हणतो? कायदाही माणसाच्या मनाची काळजी घेतो, पण आधी माणसे मोजून. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने ती १० तास करण्याला, कारखान्यांसाठी ९ चे १२ तास करण्याला आणि दुकाने कायद्याच्या तरतुदी २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्या ठेवण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत आणि जादा कामाला दुप्पट पैसे आहेत, असे सांगितले गेले. तेही खरे. पण शहाद्याच्या बाजारपेठेत कापड दुकान, कृषी केंद्र, मेडिकल इथे राबणारी पोरे दुकानागणिक तीन-चार. विसाचा आकडा गाठायला पाच-सहा दुकानांच्या भिंती पाडाव्या लागतील. एका दुकानातल्या तिघांना मन आहे की नाही, यावर कायद्याचे मत अजून यायचे आहे. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितले. सकाळी नऊला शटर वर आणि रात्री नऊला खाली, असे सहा दिवस धरले तर बेरीज ७२ होते.

छोट्या दुकानदाराचे म्हणणे असे की ‘आमचाच जीव मेटाकुटीला आलाय, यांचे मन कुठे सांभाळू?’ हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण आठवड्याची सुटी ठरलेल्या वारी देणे, पगार ठरलेल्या तारखेला देणे, आणि गिऱ्हाइकासमोर पोराचा पाणउतारा न करणे, या तीन गोष्टींना सल्लागार लागत नाही. तिसरीला तर पैसाही लागत नाही. ‘सवलती दिल्या की लोक गैरफायदा घेतात’ हा आक्षेप मात्र लवकर निकालात काढू. गैरफायदा घेणारे आजही घेतातच, आणि त्यांना ताण नसतो.

सरकारी अधिकाऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे : पदे मुंबईत मंजूर होतात, अ‍ॅप दिल्लीत बनते, तालुक्याच्या साहेबाच्या हातात असते काय? पुष्कळ असते. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तात्काळ माहिती सादर करावी’ हा आदेश मंत्रालय टाकत नाही. तीच माहिती तीन नमुन्यांत मागण्याची हौस दिल्लीची नसते. रजेचा अर्ज खणात मुरत ठेवण्याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही. आणि जे हातात नाही, ते वर लेखी कळवणे तरी हातात असतेच. खासगी क्षेत्रात सगळेच हातात असते, तर तिथली तऱ्हा वेगळी. नोएडातल्या एका कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या ताणाची पाहणी केली आणि ‘खूप ताण आहे’ म्हणणाऱ्यांना निरोप दिल्याचे पत्र बाहेर आले. गदारोळ उठल्यावर कंपनीने खुलासा केला की कुणालाही काढलेले नाही, विषयाकडे लक्ष वेधण्यासाठी तो बेत होता. मात्र तोवर देशभरातल्या नोकरदारांनी ते पत्र खरेच मानले होते. यात जाहिरात किती आणि अनुभव किती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा शहाद्यातल्या कार्यालयप्रमुखांना, मुख्याध्यापकांना, शाखाधिकाऱ्यांना आणि संस्थाचालकांना एक विनंती. येत्या १० ऑक्टोबरला फलकाऐवजी दर्शनी भागात एक कागद लावावा : मंजूर पदे किती, भरलेली किती, मागच्या महिन्याचा पगार किंवा मानधन कोणत्या तारखेला झाले, रजेचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले, आणि कार्यालय सुटल्यावर किती निरोप धाडले गेले. त्याउपर व्याख्यान ठेवायचेच असेल तर जरूर ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्या अशी वेगळी शिफारसच केली आहे. त्यामुळे पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसणाऱ्यांनी मनोगत उरकून ‘दुसरी बैठक आहे’ म्हणत उठू नये. कार्यक्रम त्यांच्यासाठीच आहे, त्यांनी शेवटपर्यंत बसावे आणि मागच्या खुर्च्यांवरच्या मंडळींना कामाला, नाहीतर घरी, जाऊ द्यावे.