आडवे, उभे आणि तिरके

‘गुरुजी मोटारीत बसले आणि राज्य करू लागले (४).’

हे वाचून तुम्ही राजकारणाचा विचार करायला लागलात, तर तुमचा दिवस गेला. गुरुजी म्हणजे सर, मोटार म्हणजे कार, आणि राज्य करतं ते सरकार. कंसातला चार म्हणजे अक्षरं चार. पेपरातल्या साध्या शब्दकोड्यानं ‘शासन (४)’ असं सरळ विचारलं असतं आणि आपण दाढी करता करता उत्तर देऊन मोकळे झालो असतो. तिरकस कोडं रचणारा मात्र शब्दाशब्दाला खरं बोलतो आणि तरीही फसवतो. हा गुण मी एरवी फक्त लग्न जमवणाऱ्यांत पाहिला आहे.

आमच्या बसमधले टूलरूमचे एक काका ही कोडी रचतात. चिंचवडहून चाकणला जाणारी कंपनीची बस, मागून दुसरी सीट, खिडकी. दर सोमवारी हातानं आखलेल्या कोड्याच्या झेरॉक्स वाटायच्या आणि भोसरी ते चाकण डोळे मिटून पडून राहायचं, हा त्यांचा क्रम. कोड्याखाली सही ‘कंस’ अशी. विलायतेत पॉविस मॅथर्स नावाचे गृहस्थ १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये अशी कोडी देऊ लागले, ती ‘टॉर्केमाडा’ या नावानं. हा टॉर्केमाडा स्पेनमधला छळासाठी बदनाम झालेला धर्मन्यायाधीश. काकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसणार, पण माणसं छळायची तर नाव त्याच वजनाचं हवं, हे त्यांना उपजतच कळलं. शिवाय प्रत्येक क्लूच्या शेवटी कंस असतोच.

खरं तर चिंचवडच्या माणसाला या छळाचं वावडं असू नये. महाभारत लिहायला बसताना गणपतीनं अट घातली, की लेखणी थांबली तर मी उठलो. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग दम खायला सवड हवी झाली, की व्यास मध्येच एक कूटश्लोक सोडून देत. असे ८,८०० श्लोक असल्याचं परंपरा सांगते. म्हणजे तिरकस कोडं सोडवायला बसलेली पहिली व्यक्ती आमच्या गावचं दैवत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा गणपतीचा हा प्रसंग मूळ संहितेतून उचलून परिशिष्टात नेऊन बसवला. पुणेकरांना पुरावा लागतो. आम्ही पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीचं दर्शन घेऊन येतो आणि गोष्ट आहे तशी ठेवतो.

तर गेल्या पावसाळ्यातल्या एका कोड्यात, आडवे शब्द, सात नंबरला हा क्लू होता:

‘काम थंड पडलं तरी कारखान्यात रोज हजर (४).’

बस भोसरी सोडायच्या आत पुढच्या चार सीटवरून एकच आरोळी उठली, ‘मॅनेजर!’ मोजून पाहिलं. मॅ, ने, ज, र. अक्षरं चार. स्टोअरमधल्या भाऊंनी ते बॉलपेननं लिहूनही टाकलं आणि वर गोल केला. इतकं एकमत आमच्या बसमध्ये बोनसवरही होत नाही. मी मागे वळून काकांकडे पाहिलं. काका झोपलेले होते, पण मिशी झोपलेली नव्हती.

घात केला उभ्या पाचानं. ‘‘नको’ अर्धवट राहिलं आणि गारा पडल्या. बडवत बसा आता हा (३).’ अर्धवट ‘नको’ म्हणजे न, पुढे गारा. नगारा. त्यातला मधला ‘गा’ नेमका मॅनेजरच्या ‘ज’वर येऊन बसला. मॅनेजरला हलवायला एक अक्षर पुरतं, हे पाहून युनियनच्या अप्पांना फार बरं वाटलं. त्यांनी लगेच आपला उमेदवार दिला, ‘महागाई’. तिसरं अक्षर गा, कारखान्यात रोज हजर, आणि काम असो नसो, वाढतेच! टाळ्या पडल्या. पण थंडाचं काय? ‘थंड पडलेत ते आपले खिसे,’ अप्पा म्हणाले. खिसे मात्र क्लूत नव्हते.

इथे जरा थांबून सांगायला हवं, की अशी एकाच जागी दोन-तीन उत्तरं बसणारी कोडी आपल्याकडे फार मोठ्या धंद्याची होती. पन्नासच्या दशकात शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांनी लोकांना वेड लावलं होतं. प्रवेश फी भरा, चौकोन भरा आणि वाट पाहा. त्यांत बरोबर उत्तर कोणतं? चपखल बसणारं नव्हे, तर आयोजकांनी आधीच लिफाफ्यात बंद करून ठेवलेलं. बंगळूरहून छापून मुंबईत खपणाऱ्या साप्ताहिकातल्या ‘आर.एम.डी.सी.’ कोड्यांवर मुंबई सरकारनं कर बसवला, भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, हा धंदाच नव्हे, जुगार आहे. त्याआधी १९५५ च्या कायद्यानं अशा स्पर्धांची बक्षिसं महिन्याला हजार रुपयांच्या वर जाणार नाहीत अशी सोय केलीच होती. माझ्या मते न्यायालयानं उत्तम कोड्याची व्याख्याच करून ठेवली. लिफाफा फोडल्याशिवाय खरं-खोटं ठरत नसेल, तर ते कोडं नाही, मटका आहे.

काकांकडे लिफाफा नसतो. ‘काका, बरोबर का?’ विचारलं की ते म्हणतात, ‘तुला काय वाटतं?’ आणि पुन्हा डोळे मिटतात. यानं माणूस जास्त जळतो.

तो क्लू माझ्या मानगुटीवर बसला. इन्स्पेक्शनला उभा असताना मंदी, टाळेबंदी, ले-ऑफ असे अभद्र शब्द ओठांवर येत. शेजारच्या मशिनवरच्या पोरानं घाबरून विचारलं, ‘साहेब, काही ऐकलंय का वरून?’ बायकोनं रात्री दिवा मालवताना बजावलं, की झोपेत ‘थंड, थंड’ करणार असशील तर पंखा बंद करते.

सुटका झाली ती परतीच्या वाटेवर, तळेगाव चौकातल्या कोंडीत. तिथे बस उभी राहिली, की माणसाला चिंतनाशिवाय दुसरं काम नसतं. कुणीतरी ड्रायव्हरदादांना थर्मासमधला चहा दिला. दादा म्हणाले, ‘गार झालाय की वो.’

गार! थंड म्हणजे गार! अर्धी बस उठून उभी राहिली. ‘रोजगार!’ कँटीनवाला ओरडला. क्लूत ‘रोज’ आहे, थंड आहे, चार अक्षरं आहेत, तिसरं गा आहे. पेनं निघाली. मला मात्र काहीतरी टोचत होतं. रोजगार हजर कसा राहील? आणि यात ‘काम’ तसंच शिल्लक उरतं. आमच्याकडे ते नेहमीच उरतं म्हणून कुणाला खटकलं नाही, एवढंच. मग लख्ख दिसलं. ‘काम’ला दुसरा अर्थ शोधत बसायचंच नव्हतं. काम म्हणजे काम. काम, आणि ते पडलं गार. कारखान्यात रोज हजर असणारा कोण? त्या बसमध्ये तो प्रत्येक सीटवर बसला होता.

‘कामगार,’ मी म्हणालो. ओरडलो नाही. ओरडायची गरजच वाटली नाही.

भोक तपासायला आमच्याकडे प्लग गेज असतो. त्याचं ‘गो’ टोक आत सरकलं पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. कामगार तसा बसला. आत गेला आणि बाकी सगळे बाहेर अडले. दिवसभर मी जो पार्ट ओके करतो, त्यावर माझी सही लागते, मग सुपरवायझरची, मग गिऱ्हाइकाच्या माणसाची, आणि तरीही महिन्याभरानं तो परत येऊ शकतो. इथे कुणाची सही नाही, शिक्का नाही, ऑडिट नाही. बरोबर आहे हे मला कळलं, आणि तेवढ्यावर ते बरोबर होतं. पगारवाढीच्या पत्रानंही मला असं वाटलेलं नाही. अर्थात त्या पत्रातला आकडाही विचारात घ्यायला हवा.

स्टोअरच्या भाऊंनी मॅनेजर खोडायचा प्रयत्न केला. बॉलपेनचं होतं, गेलं नाही. शेवटी त्यांनी त्याच्याच डोक्यावर बारीक अक्षरात कामगार लिहिला. अप्पांनी तो कागद मागून घेतला आणि युनियनच्या ऑफिसात लावला, असं ऐकतो.

मी वळून पाहिलं. काकांनी एक डोळा उघडला, ‘हं’ म्हणाले, आणि पुढच्या सोमवारच्या कोड्याची झेरॉक्स मला शनिवारीच काढून दिली. यापेक्षा मोठा सत्कार त्यांच्याकडे नाही. आडवा एक नंबर असा आहे: ‘पहाट सुरू होताच नाव उलटली, ती ह्याच नदीत (३).’

चिंचवडकरांनी हा क्लू सोडवताना खिडकीबाहेर पाहू नये. ती कॉपी होते.