सर्कलसाहेबांची बहामनी

सोलापूर-धुळे महामार्गास लातूर-बार्शी रस्ता जेथे छेदून जातो, त्या येडशीच्या चौकात घटकाभर उभे राहिल्यास महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, आणि तरीही सर्वांमुखी ‘सर्कलसाहेब’च राहिलेला, एक तरी गृहस्थ हटकून दृष्टीस पडतो. दप्तर सुटले तरी वृत्ती सुटत नाही, हा या जातीचा विशेष. बांधाच्या तंट्यात न बोलावता पंच होणे आणि रामलिंगच्या माकडांनी पळविलेल्या नारळाचाही रीतसर पंचनामा व्हावा असा आग्रह धरणे, ही त्याची नित्यकर्मे होत.

अशा गृहस्थासमोर सुटीला आलेला नातू, स्वीडनमधील एका कंपनीने २०१३ साली काढलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा संगणकावरील युद्धखेळ मांडतो. ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेस जगाचा नकाशा उघडतो आणि वाटेल ते राज्य १८२१ पर्यंत चालवावयाचे असते. नातवाचे बोट उस्मानी तुर्कांकडे वळते. साहेब मात्र बीदरची बहामनी पसंत करतात, कारण परंड्याचा किल्ला बहामनी वजीर महमूद गावान याने बांधल्याचे सांगतात, सबब हे राज्य आपल्याच जिल्ह्याचे. नकाशात येडशी नाही, हे ध्यानी येताच ‘नकाशा सदोष’ असा शेरा मारूनच ते पुढे सरकतात.

आरंभी हा खेळ त्यांस नीरस वाटतो. नातवाच्या भिडेखातर विजयनगरावर धाडलेली अवघी फौज एकाच मुलखात तळ ठोकते, आणि तेवढ्या तोंडांस पोसण्याची त्या भूमीची ताकद नसल्यामुळे, शत्रूचे दर्शनही न होता, झडू लागते. नातू हळहळतो, साहेबांचे डोळे मात्र प्रथमच चमकतात. “शिध्याची तजवीज न पाहता मोहिमेला मंजुरी दिली कोणी?” असे ते विचारतात, आणि येथून त्यांस गोडी लागते. जिंकलेला मुलूख प्रशासकीय गुण खर्चून व मुदत भरून दप्तरी नोंदवावा लागतो, पचनी पडेल त्याहून अधिक गिळल्यास सर्वत्र बंडे होतात, सबळ कारणावाचून युद्ध पुकारल्यास स्वराज्याचीच घडी विसकटते, हे नियम एकामागून एक उलगडताच, लढाईचे सोंग घेतलेली ही कचेरीच आहे, असा साक्षात्कार त्यांस होतो आणि रात्रीची झोप उडते.

पुढे विजयनगर शरण येऊन विस्तीर्ण मुलूख देऊ करते, तेव्हा साहेब तहनाम्यात एकच परगणा मागतात.

“आबा, सगळंच घ्या की!” नातू कळवळतो.

“आणि फेरफार कोण ओढणार? तुझा बाप?”

नातू शेवटचा उपाय म्हणून माळव्यावर स्वारीची गळ घालतो. सैन्य सज्ज, खजिना भरलेला, निमित्तही सबळ. साहेब चष्मा पुसतात, पडद्यावरील तारीख न्याहाळतात आणि म्हणतात, “मार्चअखेर आहे. आता कसली मोहीम?” माळवाही त्या महिन्यात चाल करून येत नाही, यावरून तिकडेही महसूल खात्याचाच माणूस बसला असला पाहिजे, असा निष्कर्ष काढून साहेब त्याच्याशी सख्याचा करार करून टाकतात.